‘आणि’नंतरचा फर्मा

अनिसा बारामतीला आली होती ती दुकानातल्या झेरॉक्स मशीनचा टोनर भरून घ्यायला. पुस्तकं बघायला मुळीच नव्हे. पण टोनरवाला म्हणाला, तासभर लागंल, जरा फिरून या. आणि साठीला टेकलेल्या बाईनं भर दुपारी बारामतीत फिरायचं म्हणजे कुठं फिरायचं? स्टँडजवळच्या एका मंगल कार्यालयात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, आत पंखे गरगरत होते, म्हणून ती शिरली. स्वयंपाकाची, स्पर्धा परीक्षांची, झटपट श्रीमंत कसं व्हायचं ते शिकवणारी, अशी नाना तऱ्हेची पुस्तकं टेबलांवर मांडलेली. त्यांच्यात तिला ते दिसलं. कव्हर नवं होतं, वर एका पाठमोऱ्या मुलीचा फोटो होता, पण नाव तेच आणि लेखकही तोच. अनिसाला असा काही आनंद झाला, जसं परक्या गावात आपलं माणूस भेटावं. हे पुस्तक तिनं आयुष्यात किती वेळा वाचलं होतं याला गणतीच नव्हती. शेवटची पानं तर तोंडपाठ होती. ताप आला, कुणी टाकून बोललं, ईदला घर पाहुण्यांनी भरून पुन्हा रिकामं झालं, की ती ती पानं मनातल्या मनात म्हणायची. नव्या, स्वच्छ टायपात ती कशी दिसतात एवढंच बघावं म्हणून तिनं सरळ शेवटचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं की गाडी हलली आणि तिनं खिडकीतून मागं वळून पाहिलं नाही.

कसली गाडी? अनिसानं पुस्तक मिटलं, कव्हर पुन्हा वाचलं, पुन्हा उघडलं. छापखान्यानं घोळ घातला असणार, दुसरं काय. ती पंधरा-वीस पानं मागं गेली. स्टेशन ओळखीचं होतं, बाकावर बसलेली ती ओळखीची होती (लेखकानं त्या बाईला नाव दिलेलं नव्हतं, सगळ्या पुस्तकभर ती नुसती ‘ती’), मांडीवरची कापडी पिशवी ओळखीची होती. गाडीची घंटा झाली. ‘ती उठली, पिशवी उचलली आणि’ इथपर्यंत सगळं जसंच्या तसं होतं. मग अनिसाच्या पुस्तकात होतं, ‘घराकडं वळली.’ या पुस्तकात होतं, ‘गाडीत चढली.’ टेबलामागच्या माणसाला तिनं विचारलं, नव्या आवृत्तीत शेवट बदललाय का हो? तो वाचणारा माणूस निघाला, हेच नशीब वाईट. म्हणाला, छे छे, पहिल्यापासून हाच शेवट आहे. त्या काळात बाई अशी सरळ निघून जाते म्हणूनच तर हे पुस्तक एवढं गाजलं, बाई. अनिसानं मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं. तिनं पुस्तक विकत घेतलं आणि बाहेर उन्हात येऊन उभी राहिली, आणि मग तिला टोनरचं दुकान कोणत्या हाताला आहे तेच आठवेना.

घोळ कुठं झाला हे कळायला तिला कुणाची गरज नव्हती. ती बाइंडरची मुलगी. इंदापुरात तिचे अब्बा मकसूदभाई जिल्दवाले म्हणून ओळखले जायचे; वाचनालयाची फाटकी पुस्तकं दर उन्हाळ्यात पोत्यानं घरी यायची, आणि अब्बा ती उसवून, फर्मे सुटे करून, नव्यानं शिवून, पुठ्ठा घालून परत द्यायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. अशा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं. अब्बांना कुराण वाचता यायचं, पण मराठीतले फक्त आकडे यायचे. फर्म्याच्या शेवटचा आकडा आणि पुढच्या फर्म्याचा पहिला आकडा लागोपाठ आले की त्यांचं काम झालं. ‘आकडा जुळला की किताब जुळली,’ असं ते म्हणायचे, आणि अनिसा चिकटवायची खळ ढवळता ढवळता ते ऐकायची. त्या उन्हाळ्यात एकाच मापाची, एकाच छापखान्याची दोन पुस्तकं एकदम उसवलेली होती. दुसऱ्यात कुणी एक विधवा बाई होती, आणि सुरुवातच पाटबंधाऱ्याच्या बैठकीनं होत होती म्हणून अनिसानं ते दोन पानांत टाकून दिलं होतं. हिच्या पुस्तकाच्या एकशे ब्याण्णवाव्या पानाच्या शेवटी ‘आणि’ होता. अब्बांनी एकशे त्र्याण्णव हुडकलं आणि शिकंज्यात दाबून शिवलं. ते दुसऱ्या पुस्तकाचं, त्या विधवेचं होतं, इतकंच.

इतकंच! आणि त्या इतक्याशानं काय काय केलं! अनिसा एसटीच्या खिडकीशी बसली होती, मांडीवर टोनरचं खोकं आणि त्यावर पुस्तक. भवानीनगर कधी येऊन गेलं तिला समजलं नाही. त्याच उन्हाळ्यात, तिला एकोणिसावं लागलं होतं तेव्हा, पुण्याला नर्सिंगच्या प्रशिक्षणाला तिचा नंबर लागला होता. अम्मी जाऊन दोन वर्षं झालेली, धाकटा भाऊ वाजिद एवढासा, अब्बांचा खोकला सुरू झालेला. अब्बा ‘नको’ म्हणाले नव्हते. ते काहीच म्हणाले नव्हते. बारामतीची मैत्रीण रेश्मा तिच्याबरोबर जाणार होती, दोघींनी बारामतीहून रेल्वेनं जायचं ठरलं होतं. अनिसा पहाटेची एसटी धरून बारामतीच्या स्टेशनावर आली, रेश्माची वाट बघत बाकावर बसली, आणि पिशवीत होतं हे पुस्तक, नव्या बांधणीचं, वाचनालयाला परत द्यायचं राहून गेलेलं. खळीचा ओला वास अजून त्याला येत होता. त्या बाकावर तिनं शेवट पहिल्यांदा वाचला. पुस्तकातली ती स्टेशनावर, ही स्टेशनावर. तिच्या मांडीवर पिशवी, हिच्या मांडीवर पिशवी. आणि ती घराकडं वळली. घर उघडंच होतं. ‘कुणी वाट पाहत नव्हतं, म्हणून तिला बरं वाटलं. चूल थंड होती, ती पेटवायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी आपण आहोत एवढं सुख तिला पुरलं.’ अनिसाला रडू फुटलं होतं. एवढं शिकलेला, एवढी पुस्तकं लिहिणारा माणूस सांगतोय की परत जाण्यातही मोठेपण आहे, घाबरणं नव्हे ते. मग अजून काय पाहिजे? रेश्मा आली तेव्हा हिनं पिशवी उचलली होती. रेश्मा चिडली, मग रडली, मग गाडीत चढली. अनिसा दुपारी इंदापूरला घरात शिरली, अब्बांनी वर पाहिलं, म्हणाले, ‘खळ शिजव,’ आणि पुन्हा सुई ओवायला लागले.

त्यानंतर काय सांगायचं? काही वाईट झालं नाही. हेच तर. वाजिदला तिनं लहानाचा मोठा केला, अब्बांचं दुखणं निस्तरलं, अब्बा गेल्यावर बाइंडिंगबरोबर लॅमिनेशन आणि झेरॉक्स टाकलं. कऱ्हाटीहून एक स्थळ आलं होतं, बरं होतं, पण घर कोण बघणार म्हणून तिनंच टाळलं. वाजिदचं लग्न झालं, रोशनबी घरात आली, अफशीन झाली, आणि अनिसा सगळ्यांची फुफी, म्हणजे आत्या, होऊन बसली. रेश्मा मेट्रन होऊन निवृत्त झाली, हल्ली मुलाकडं दुबईत असते, फोनवर तिथल्या समुद्राचे फोटो पाठवते. अनिसा ते फोटो बघायची आणि तिला काही व्हायचं नाही, खरंच काही व्हायचं नाही, कारण तिच्याकडं ती शेवटची पानं होती. पुढं वाचनालयानं जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा तिनं ती प्रत मागून घेतली. एकदा तर तालुक्याच्या महिला मेळाव्यात तिला ‘मला घडवणारं पुस्तक’ यावर बोलायला लावलं, आणि ही बया तिथं माइकपुढं उभी राहून काय बोलली? शेवटच्या पानांत ‘ती’चे केस पिकलेले आहेत, मागच्या पानापर्यंत असलेला धाकटा भाऊ कुठंच नाही, परसात कधी नव्हता तो आड आहे; हे सगळं तिला वर्षानुवर्षं खटकत होतं आणि तिनं त्याचा अर्थ लावला होता. म्हणाली, बघा, लेखकानं एका ‘आणि’मध्ये तीस वर्षं ओलांडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता एसटीत, सणसरच्या थांब्यावर माणसं चढत-उतरत असताना, ते आठवून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हाताला तर तेव्हाच कळलं होतं. शेवटचा फर्मा बाकीच्यांपेक्षा जरा खरखरीत लागायचा, कागद किंचित पिवळट होता, आणि बाइंडरच्या मुलीच्या बोटांना तो फरक पहिल्याच दिवशी लागला होता. बोटांना कोण विचारतंय!

तिनं मांडीवरचं पुस्तक उघडून ती गाडीत चढल्यानंतरची पानं आता नीट, पहिल्यापासून वाचली. लेखक चांगलाच होता. गाडीत तिला भीती वाटते, शेजारची बाई तिला शेंगा देते, त्या खाताना आपल्याला भूक लागली होती हे तिच्या ध्यानात येतं. साधंच. अनिसाला आठवलं की त्या दिवशी स्टेशनावर तिलाही सपाटून भूक लागली होती. हा तेरावा फर्मा तेव्हा कुठं होता? त्या विधवेच्या पुस्तकात शिवला गेला असणार. म्हणजे पाटबंधाऱ्याच्या बैठकीनं सुरू होणाऱ्या त्या कंटाळवाण्या पुस्तकाच्या शेवटी ती म्हातारी बाई आड, परस, सगळं सोडून उठली असेल आणि गाडीत चढली असेल. इंदापुरात कुणी तरी ते वाचलं असेल का? कुणी एखादी उठून गेली असेल का? अनिसाला त्या न पाहिलेल्या बाईचा इतका हेवा वाटला की तिनं पुस्तक मिटूनच टाकलं. मग अब्बांचा राग आला. मेलेल्या माणसाचा, तोही अशा माणसाचा, की ज्याला आपण काय केलं हे मरेपर्यंत माहीत नव्हतं. आणि त्याच्याही मागून एक विचार आला, तो तिला नको होता, पण आला: पुस्तकात ती गाडीत चढली असती तरी अनिसा परत आलीच असती. पुस्तक नुसतं निमित्त. हे खरं की ते खरं, हे आता कोण सांगणार, आणि कुठल्या पुस्तकात बघायचं. तिला गाडीतून उतरावंसं वाटलं, पण लासुर्ण्याला उतरून ती करणार काय होती?

आणि हे सगळं एकवेळ गिळलं असतं तिनं. गेलं ते गेलं. पण घरी अफशीन होती. वाजिदची लेक, फार्मसी केलेली, बंगळूरच्या एका औषध कंपनीनं तिला बोलावलं होतं, आणि येते की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. वाजिद म्हणत होता, तुझं तू बघ. आणि ते तो अब्बांच्याच गळ्यानं म्हणत होता. रोशनबीचं म्हणणं, गावात मेडिकल टाकून देऊ की पोरीला. पोरगी आठवडाभर घुम्यासारखी वावरत होती. शेवटी काल रात्रीची भांडी घासताना ती म्हणाली होती की तुमच्या त्या पुस्तकातल्या बाईसारखंच करावं म्हणते, फुफी. अनिसाचा ऊर भरून आला होता. ती आपली प्रत तिनं अफशीनला केव्हाच देऊन टाकली होती, दहावीच्या निकालाला, कागदात गुंडाळून. आपल्यामागं हे कुणाला तरी पोचलं, एवढं तिला काल वाटलं होतं. आणि आज? दुसऱ्याच बाईची पानं आपण खाल्ली ती खाल्ली, आता या पोरीच्या ताटात वाढली. निमगाव केतकी गेलं तशी तिची लगबग सुरू झाली. सांगायचं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगायचं, चहासुद्धा नंतर. ती जाते, म्हणायचं, खरी ती जाते, तू पण जा. तिनं पिशवी आधीच खांद्याला लावली आणि इंदापूर यायच्या कितीतरी आधी दाराशी जाऊन उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, ‘बसा की मावशी, पडताल,’ तरी बसली नाही.

अफशीन स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला. रोशनबी बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. अनिसानं टोनरचं खोकं तसंच भुईवर ठेवलं आणि नवं पुस्तक काढून पोरीपुढं धरलं. तिला धाप लागली होती.

‘कळवलंस का गं?’

‘न्हाय अजून. भाकऱ्या झाल्या की कळवते. येत न्हाय म्हणून लिहून ठिवलंय, नुसतं पाठवायचं.’

‘मग थांब. आधी ऐक. ती परत येत न्हाय, अफशीन. ती जाती.’

कोण जाती, हे कळायला पोरीला जरा वेळ लागला. मग अनिसानं सगळं सांगितलं, फर्मे, आकडे, दोन पुस्तकं, एकशे ब्याण्णव आणि एकशे त्र्याण्णव. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. अफशीन पिठाचे हात तसेच धरून ऐकत होती, आणि मग ती हसायला लागली. कुचेष्टेनं नव्हे, अगदी मनापासून. दादाजाननी अख्ख्या इंदापूरला येड्यात काढलं म्हणायची आणि हसायची. तिनं दारातून आईला हाक मारून तेही सांगितलं, आणि बाहेर रोशनबीसुद्धा हसली. एवढं काही वाईट हसणं नव्हतं ते. घरातल्या जुन्या माणसाची गंमत ऐकून हसतात तसं. पण अनिसा तिथं उभी होती आणि तिला वाटत होतं की आपले कपडे कुणीतरी चव्हाट्यावर वाळत घातलेत.

‘हसू नगं,’ ती म्हणाली. ‘तू त्या पुस्तकापायी राहायलीस ना? ते पुस्तक खोटं हाय.’

अफशीनचं हसणं थांबलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग फुफीकडं न बघता, जरा ओशाळून म्हणाली, ‘रागावू नका, फुफी. मी ते पुस्तक वाचलंच न्हाय कधी. पयली दहा-बारा पानं वाचली आसतील. तुमाला बरं वाटावं म्हणून म्हणले काल.’

‘मग?’

‘मग काय? पुस्तक कशाला पायजे? तुमी हाय की समोर. मी तुमाला बघतच मोठी झाले. तुमी पण जाणार हुता, न्हाय गेला. काय बिघडलं तुमचं?’ तिनं भाकरी उलटली. मग पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. ‘मला एवढंच सांगा. तुमी सुखात हाय ना, फुफी?’

अनिसाला वाटलं होतं की फर्मा बदलला की काम झालं. आता ही पोरगी तिलाच उघडून बसली होती आणि शेवट विचारत होती. न्हाय म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. तो म्हटला की पोरगी उद्या बॅग भरेल हे तिला भाकरीच्या वासाइतकं स्पष्ट कळत होतं. पण बाहेर रोशनबी कपड्यांच्या घड्या घालत थांबली होती, कान इकडंच होता तिचा. दुकान बंद करून वाजिद आता येईल, ज्याला तिनं न्हाऊमाखू घालून वाढवला, आणि त्याच्यापर्यंत हे पोचेल की आपण आपल्या बहिणीचं सगळं आयुष्य बसल्या जागी गिळलं. आणि अफशीन गेल्यावर संध्याकाळी या घरात तिच्याशी बोलणार कोण? हेही होतं. हे सगळ्यात वर होतं, आणि तिला स्वतःची किळस आली. ‘न्हाय’ तिच्या जिभेवर होतं. तिनं ते जिभेवर धरून ठेवलं, पोरगी वाट बघत होती, भाकरी फुगत होती.

‘हाय की,’ अनिसा म्हणाली. ‘मला काय झालंय?’

अफशीनचा चेहरा सुटला. तिनं पिठाचा हात ओढणीला पुसला, बरणीला टेकवलेला फोन उचलला, अंगठ्यानं एकदा दाबलं, आणि फोन पालथा ठेवून म्हणाली, बसा, गरम हाय तोवर खाऊन घ्या. अनिसा पाट ओढून बसली. पोरीनं वाढलेली भाकरी तिनं मोडली, आमटीत बुडवली, आणि सगळी खाल्ली.